डबा उघडत नाही

रावपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर,
खाली सेवउसळीची कढई आणि वर
खानविलकरांचं टॅक्सचं ऑफिस.
सकाळी नऊला फोन: "चित्रे, डबा उघडत नाही."

डबा म्हणजे पडद्याच्या मधोमध येणारी
ती एक रिकामी ओळ.
दोन बटणं एकदम दाबायची, दोन अक्षरं लिहायची,
की हवं ते समोर:
कॅल्क्युलेटर, पत्राचा मसुदा, अमक्या पार्टीचा रिटर्न.
मीच बसवून दिला, तीन दिवाळ्या झाल्या.
तेव्हापासून त्यांचा माउस
व्याह्यासारखा कोपऱ्यात बसून असतो.

जिना चढून गेले. आधी साधं ते बघितलं:
चालू तरी आहे का?
घड्याळाशेजारच्या बारक्या बाणात लपतो कधी कधी.
होता. जागा होता.
हाकेला ओ देत नव्हता एवढंच.

मग कळलं, भाच्यानं नवा कीबोर्ड घातलाय.
अल्ट-स्पेस दाबलं की गुजराती,
पुन्हा दाबलं की मराठी, मग इंग्रजी.
बडोद्यात हे व्हायचंच.
दूधवाल्याशी एक, बहिणीशी दुसरी,
साहेबापुढे तिसरी,
आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती.
एका हाकेवर दोघांनी हक्क सांगितला
की जो सकाळी आधी उठतो, त्याची ती होते.
भाषेला वेगळी बटणं दिली.
डब्याला त्याचं नाव परत.

उघडला.
"पण काहीच सापडत नाही गं."
कसं सापडणार? कीबोर्ड अजून गुजरातीवर,
फाइलींची नावं इंग्रजीत.
बिचारा कक्क्यात एबीसीडी शोधत होता.

तरी यंदाचे रिटर्न मिळेनात.
ते डी ड्राइव्हवर, आणि याला ते घरच माहीत नाही.
दाखवलं: इथेही बघत जा.
आणि डाउनलोडमध्ये मुळीच बघू नकोस,
तिथे सातशे सुप्रभात आहेत.
यादी नव्यानं बांधायला लावली.
पंखा घुरघुरत राहिला. आम्ही चहा प्यायलो.

कप खाली ठेवत ते म्हणाले,
जणू सहजच,
"एम दाबलं की पहिला मार्तंडच का येतो?"

मार्तंड फळणीकर. एकोणीस वर्षं समोरच्या टेबलावर.
आता मांडवीत स्वतःची पाटी.
फाइलचं नाव: मार्तंड वाटणी, शेवटची.

"मोजतो तो," मी म्हटलं.
"जे रोज उघडता ते वर ठेवतो."

ते काही बोलले नाहीत.
मीही पुढचं विचारलं नाही.

"सगळी आठवण पुसता येते. सेटिंगमध्ये एक बटण आहे."
"सगळी नको. हाताला सवय झालीय."
"मग त्या एकालाच. उजवं क्लिक, विसर म्हणायचं."
"आणि फाइल?"
"फाइल जागेवर. फक्त डबा विसरेल."

चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"विसर म्हण. आणि फाइलचं नावही बदलू या.
लांबलचक काहीतरी.
सहज हात पडणार नाही असं."

नाव त्यांनी स्वतः टाइप केलं, एका बोटानं.
तेवढा वेळ मी खिडकीतून
खालच्या रिक्षांचे नंबर वाचत होते.

मग म्हणाले, बघ.
अल्ट. स्पेस. एम.
म्युनिसिपाल्टी वेरा.
"हां," म्हणाले, आणि लगेच प्रिंट काढली,
न लागणारी.

जिन्यात निम्म्यावर पोचले तर वरून हाक:
"चित्रे, अपडेट आलं तर हे राहील ना सगळं?"
राहतं, मी ओरडून सांगितलं. बहुतेक.
बटणं तेवढी एकदा तपासा.
सेटिंगची एक प्रत काढून ठेवलीय,
टेबलाच्या वरच्या खणात, पेनड्राइव्हवर,
किल्ल्यांच्या खाली.