खिळे ठोकू नयेत

करारनाम्याच्या चौथ्या पानावर, अरबीत आणि इंग्रजीत:
भिंतीला खिळे ठोकू नयेत.
पाचव्यावर: बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत.
मराठीत काहीच नव्हतं,
म्हणून मी मनातल्या मनात लिहून टाकलं,
बाकी सगळं चालेल.

शारजा, अल नहदा, अकरावा मजला.
हॉलचा अर्धा भाग माझा,
अर्ध्यात जोसलीन, रात्रपाळीची नर्स, दिवसा झोपते.
मधे जिप्समची भिंत. बोट टेकलं तरी वाजते.

मॉलमध्ये मी घरं लावते.
तीन भिंतींची, वर छप्पर नसलेली.
चादर सोफ्यावर अशी टाकायची
की कुणीतरी आत्ताच उठून चहा ठेवायला गेलंय.
वाडग्यात प्लास्टिकची लिंबं, सातच.
सम संख्या मेलेली दिसते, असं रीमा मॅडम म्हणतात,
आणि मला ते पटतं, हेच वाईट.
पुस्तकांच्या पाठी भिंतीकडे करायच्या,
नावांचे रंग पडद्याला जुळत नाहीत.

व्हिसावर माझा हुद्दा: स्टोअरकीपर.
आई शेजारी सांगते, लेक डेकोरेशनचं करते.
लोक विचारतात, मंडपाचं का?

कामावर कपडे काळेच, हा नियम.
म्हणून मी मोज्यांत राहते.
एक मोहरीच्या रंगाचा, एक वांगी.
गिऱ्हाइकाला दिसत नाहीत,
शिडीवर चढले की फक्त पुतळ्यांना दिसतात.

येताना बॅगेत आईची नायलॉनची साडी होती.
पोपटी, तिच्यावर पांढरे घडीचे पंखे.
ब्याऐंशी साली परकारांच्या नूरूने दुबईहून आणलेली,
दापोलीत अख्ख्या आळीने चिमटीत धरून पाहिलेली.
इस्त्री लागत नाही म्हणून कौतुक,
पदर खांद्यावर ठरत नाही म्हणून कटकट.
आई तीनदाच नेसली.

रोल्याच्या लियाकत मास्तरांनी चष्मा कपाळावर नेला,
काठ उलटा केला, वास घेतला.
जपानी माल, म्हणाले, आता येत नाही.
कोपऱ्यात पुसट शिक्का होता, बर दुबईच्या दुकानाचा,
आम्ही कुणीच कधी न वाचलेला.
ही इथूनच गेली होती, बेटी.
मग कात्री चालवली. मी बाहेर बघत बसले.

दोन पडदे झाले. स्प्रिंगच्या दांडीवर, खिळ्याशिवाय.
दुपारी तीनला ऊन येतं तेव्हा
पंखे जिप्समच्या वरच्या फटीतून पलीकडे जातात,
जोसलीनच्या पांघरुणावर पडतात.
तिने फ्रिजवर चिठ्ठी लावली:
आज चार तास सलग झोपले.
एवढं कौतुक मॉलमध्ये कुणी केलं नाही.

कपाट सरकवलं त्या शुक्रवारी
भिंतीत एक खिळा सापडला.
रंगाच्या तीन थरांखाली, पांढराच झालेला.
आधीच्या कुणीतरी ठोकलेला.
काय टांगलं असेल तिने?
मी काहीच टांगलं नाही, आठवडाभर.
मग कानातलं अडकवलं, एकच,
फुटक्या टाइलचं, मीच घासून केलेलं.

करार संपताना नातूर आला, वही घेऊन.
सिल्हेटचा बासितभाई.
माझं नाव तो नीट म्हणतो, मृण्मयी,
इथे एवढं नीट कुणी म्हणत नाही.
भिंतीवरून तळहात फिरवत गेला,
कपाटामागे थांबला.
कानातलं हललं.
वहीत त्याने शून्य लिहिलं.

दारात परत वळला.
मुलीची खोली बांधतोय गावी, म्हणाला,
दहावीला आहे, तिला पडदे हवेत. कुठला रंग?

माझ्या तोंडून रीमा मॅडमचं काही आलं नाही.
मी खाली बसले, मोजे दिसत होते तरी,
आणि विचारलं,
खिडकी कुणीकडे आहे?
पूर्वेला, समोर तळं.
बरं, आणि ती झोपते कधी?
ते माहीत नाही, तो म्हणाला,
आणि खिशातून फोन काढला,
तिलाच विचारायला.