तड

अनगोळ, माळ्यावर, पत्र्याखाली. लॅपटॉप दोन विटांवर,
खालून वारं लागावं म्हणून.
प्रोग्रॅम अर्धाकच्चा. उघडला की आधी हेच सांगतो:
प्रायोगिक आहे, मध्येच बंद पडेल, जबाबदारी तुमची.
भरमूकाका म्हणाले, ‘माझ्यागतच की.’

वाद्य पणजीहून, जुन्यात घेतलेलं.
काळं, हलकं, ना लाकूड ना पितळ.
चोर्ल्याच्या घाटात ते माझ्या मांडीवर बघून
कंडक्टरनं विचारलं, ‘कसला पाइप हो, बोअरचा?’

काकांचे दात गेले तशी क्लॅरोनेट गेली.
कवळीवर रीड ठरत नाही.
म्हणून चावण्याचा सेन्सर मी पहिल्यांदा बंद केला.

मग श्वासाची पट्टी.
कुणी फुंकत नसतानाही ती चार दाखवते.
तोंडाची रबरी टोपी पुसली, खिडकी लावली. चार.
‘हवा हाय ती,’ काका म्हणाले, ‘गप बसती होय?’
उद्यमबागेत मी दिवसभर मशीनला शून्य शिकवते,
मायक्रॉनच्या हिशोबानं.
इथं चारलाच शून्य म्हण, असं सांगितलं.

त्यांनी फुंकलं.
पट्टी एकोणीसला शिवून खाली.
चाळिसाच्या आतला श्वास
प्रोग्रॅमच्या लेखी श्वासच नव्हता.
रेघेचं टोक माऊसनं धरलं, ओढलं,
जिथं एकोणीस म्हणजे भरपूर, तिथवर.

आणि आवाज निघाला.
गुळगुळीत. दवाखान्याच्या फरशीसारखा.

‘वाजवूलोय मी आत्ता,
आणि आवाज मागनं येऊलाय बघ.’
मग कानडीत, ढोलवाल्याला दटावावं तसं:
‘तड आगतैती.’

त्यांच्या कानडीत तड म्हणजे उशीर.
माझ्या मराठीत तड म्हणजे काठ,
जिथं पाणी संपतं आणि पाय टेकतात.
आमच्या घरात दोन्ही चालतात,
कुठली कधी, ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघून कळतं.

बफर पाचशेबारावरून एकशेअठ्ठावीसवर आणला.
स्पीकरमध्ये मोहरी तडतडली.
दोनशेछप्पन्न.
‘हं. आता वाढतील जेवायला त्याला.’

नळीची लांबी बदलता येते, म्हटलं मी,
साठ सेंटिमीटर, सहा मीटर, हवी तर
इथनं रेल्वे गेटापर्यंतची करते.
त्यांना लांबी नको होती.
‘लई नवं वाजतंय. गळतं कर.’
त्यांच्या क्लॅरोनेटची एक चावी नीट बसायची नाही,
पावाच्या पुडक्याचा मेणकागद दुमडून लावायचे,
तरी तिथनं वारं सुटायचं, बारीक फिस्स.
मी गोंगाटाचा रकाना शोधला. तीन टक्के. पाच.
सातला त्यांनी हात वर केला.

नाव द्या म्हणून खिडकी उघडली.
काय लिहू? ‘सेकंड’, काका म्हणाले.

मग ते वाजवायला लागले.
चाल माझ्या ओळखीची नव्हती,
चार सुरांचं काहीतरी, अर्ध्यावर तुटणारं,
मग नुसतंच थांबणं, बोटं चाव्यांवर तशीच,
मान किंचित डावीकडं.
परत दोन सूर. परत थांबणं.
मला वाटलं, धाप लागली. वाटलं, प्रोग्रॅम पडला.
तारा हलवून बघितल्या.

तिसऱ्या वेळी कळलं.
चाळीस वर्षं ते दुसरी क्लॅरोनेट वाजवत होते.
पहिली दस्तगीरमामूंची.
डावीकडं मामू उभे राहायचे.
ते गेले त्या साली बँडचे कोट
गोणपाटात बांधून कुणी तरी निपाणीला नेले.

मामूंचे आठ ठोके काका पुरे मोजत होते,
पायाच्या अंगठ्यानं, चटईवर.
एक कमी नाही, एक जास्त नाही.
तेवढ्यात पट्टी खाली यायची,
आम्ही शून्य ठरवलेल्या चारवर
थरथरत बसायची.

कुणी वाजवत नाही असं समजून
पडदा अंधारायला लागला.

मी माऊस हलवत राहिले.