नमुना म्हणून बसलेला माणूस

ड्यूसेलडॉर्फ, हॉल अकरा, नोव्हेंबर.
बाहेर ऱ्हाईनवर धुकं, आत दिव्यांचा असा उजेड
की कुणाचीच सावली पडत नाही.
आमच्या स्टॉलवर एक उंच स्टूल,
त्यावर डेटलेफ कोवालिक, वय त्रेसष्ट,
डुइसबुर्गच्या ट्रामचा निवृत्त चालक.
चार दिवसांचे साडेचारशे युरो, दुपारचं जेवण वेगळं.

त्याच्या छातीचे केस सकाळी मीच भादरते,
स्पिरिट लावते, पट्टी चिकटवते,
पोस्टाच्या तिकिटाएवढी,
चौदा दिवस चालते, अंघोळीसकट.
शर्टाची तीन बटणं उघडी ठेवायची, असं करारातच आहे.
मग त्याच्या डोक्यामागच्या भिंतीवर
दोन मीटर रुंद हिरवी रेघ धावू लागते.
ती सगळ्यांना दिसते, त्याला सोडून.

गिऱ्हाईकं येतात, लोड्झची, इझ्मीरची,
पोर्तोची एक बाई, जिला फक्त बॅटरीत रस.
हजार नगांना काय दर, पाच हजारांना काय.
आमचे साहेब, श्टुकेनब्रोक, रेघेवर बोट टेकवून बोलतात
जसं कुणी कलिंगडावर टिचकी मारून दाखवावं.
डेटलेफ मागे वळत नाही.
बत्तीस वर्षं त्याने
'चालकाशी बोलू नये' ही पाटी पाठीशी घेऊन गाडी हाकली.

तिसऱ्या दिवशी, साडेतीनच्या सुमाराला,
रेघ अडखळली.
एक ठोका आगंतुकासारखा वेळेआधीच आला,
मग मोकळी जागा,
मग घाईघाईने चार-पाच,
मग कशाचाच कशाला मेळ नाही.
काळजाचा ठोका चुकला, असं म्हणतो आपण,
दार आपटलं तरी म्हणतो.

भिंतीवर लाल चौकट उमटली.
इझ्मीरचे दोघे पुढे सरकले: "हे आधी भरून ठेवलेलं आहे का?"
"छे! आत्ताचं, या माणसाचं," साहेब म्हणाले,
"अकरा सेकंदांत पकडलं!"
इतका उजळलेला त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.
कुणीतरी टाळी वाजवली.
दोन हजार नग, तिथेच, उभ्याउभ्या.

डेटलेफने मला हळूच विचारलं, "मागे काय चाललंय?"
मी म्हणाले, "गर्दी."

हे मी म्हणाले.

संध्याकाळी पट्टी सोलून काढताना
कागदावर छापलेली रेघ त्याच्या हातात दिली.
डॉक्टरकडे जा, उद्या येऊ नका, म्हटलं.
त्याने ती लांब धरून पाहिली,
रुळांचा नकाशा पाहावा तशी,
एका जागी अंगठा ठेवला. म्हणाला,
"मला वाटायचं, जिन्यामुळे दम लागतो."
मग: "आणि उद्याचे पैसे?"

चौथ्या दिवशी स्टुलावर मला बसवलं.
माझी रेघ सरळसोट, दिवसभर एका चालीची.
लोक बघायचे, माहितीपत्रक उचलायचे, पुढे जायचे.
पाच वाजता साहेब दिवे बंद करत म्हणाले,
"तुमच्यात काही घडतच नाही हो."