पाणी लागलं का

आष्ट्यात स्टँडमागं माझी माती-परीक्षणाची खोली.
दोन टेबलं, एक यंत्र,
आणि भिंतीला टेकलेल्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या,
तोंडाला सुतळी, आत गट नंबरची चिठ्ठी.
दिवसभर मी एकच ओळ लिहिते :
सेंद्रिय कर्ब – कमी.

परवा बाबू मगदूम नव्या खताचं पोतं घेऊन आला.
पोत्यावर ठळक छापलेलं : कमी कर्बाचं खत.
"ताई, कमी हाय म्हणून तर तुमच्याकडं येतो,
आन् ह्ये आणखी कमी करणार?"
मी म्हटलं, तो मातीतला कर्ब, हा धुरातला.
युरियाला वायू लागतो, भट्टी लागते.
हा नुसता दगड.
खालून काढायचा, भरडायचा, पोत्यात भरायचा.
बाबू पोत्याकडं बघत राहिला.
"म्हंजे मिठागतच की."

मिठाचं नाव काढून तो स्वतःच गप्प झाला.
नदीकाठचे त्याचे चार एकर क्षारफुटीत गेलेत.
मार्चपासून पांढरे, चुन्याची निवळी ओतल्यासारखे.
पायाखाली कुरकुरतात.
सांगितलं त्याला,
तिथं हे घालू नको, तिथं आधी चर काढ, पाणी वाहू दे.
वरच्या तुकड्यात टाक. तेही मी सांगेन तेवढंच.

पोत्यातला दगड नागेशच्या खाणीतला असेल,
नसेलही.
माझा भाऊ परदेशात एका समुद्राच्या तळाखाली काम करतो.
खाली म्हणे आपल्या मे महिन्यासारखं उकडतं, बाराही महिने.
दिवाळीला आला तेव्हा पायमोज्यात गुंडाळून एक तुकडा आणला,
करडा, एका कडेला गुलाबी.
सव्वीस कोटी वर्षांपूर्वी आटलेला समुद्र, म्हणाला.
आपला काळवत्री त्याच्यापुढं कालचं पोर.
मी जीभ लावून पाहिली.
आधी खारट, मग मागून कडू.
अप्पांनी नखानं वाजवला, कानाशी धरला.
"कच्चा हाय. सुतकीला लगेच दाद देईल."

अप्पांनी त्रेसष्ट विहिरी काढल्या.
यारीच्या दोराला लटकून उतरायचे,
सुरुंगाची वात पेटवून वर यायचे,
उजव्या हाताची दोन बोटं सतराव्या विहिरीत राहिली.
सगळ्यात खोल अकरा परस.
फोनवर नागेशला विचारलं, तुझी किती?
त्यानं मीटर सांगितले, मी परसात करून दिले :
आठशेच्या वर.
अप्पा बोटांवर कायतरी जुळवत बसले, असलेल्या आठ.
त्रेसष्टच्या त्रेसष्ट एकीखाली एक ठेवल्या
तरी पोराच्या पायापर्यंत पोचत नव्हत्या.

मग त्यांनी विचारलं,
जे रोज संध्याकाळी काठावरून मालक विचारायचा,
मालकीण नारळ पदराखाली धरून विचारायची,
आई मला काखेत घेऊन विचारायची :
"पाणी लागलं का?"

नागेश हसला.
"अप्पा, पाणी लागायलाच नको.
वर समुद्र हाय. आत आला की दगड विरघळणार,
दगडासंगं आम्ही."

फोन स्पीकरवर होता. अप्पा काही बोलले नाहीत.
पोसेवाडीची विहीर आठवली असेल,
नऊ परस कोरडी गेली,
तिचा दगड अजून बांधाला पडून आहे
आणि त्या वर्षी अप्पांनी मजुरी मागितली नाही.
की दुसरी एखादी आठवली असेल,
जिथं खडक आधी काळा पडला,
मग ओला,
मग घोट्याएवढ्या पाण्यात सगळे वेड्यासारखे ओरडले.

त्या तुकड्याचा मी नमुना केला.
पालाश, गंधक, मॅग्नेशियम, चुना : भरपूर.
शेतकऱ्याचं नाव या रकान्यात लिहिलं, समुद्र.
गट नंबर कोरा.

आता दर रविवारी फोन ठेवताना
अप्पा घसा खाकरतात,
तोंडात बसत नसलेला शब्द दोनदा चावतात,
आणि म्हणतात,
"बरं. कोरडा ऱ्हा, बाळा."