तुटक रेषा

विजापूर रोडच्या आयटीआयमध्ये
ड्रॉइंगच्या तासाला सांगते मी:
वस्तू हवेत धरा. मागे भिंत आहे असं समजा.
प्रत्येक कोपऱ्यातून एक सरळ किरण सोडा.
भिंतीवर उमटेल तो प्रक्षेप.
जी कड समोरून दिसत नाही
ती तुटक रेषेनं.
पेन्सिलीला टोक करून घ्या.

मागच्या बाकावरचा इरण्णा म्हशाळे उठतो.
मॅडम, थेटरातलं प्रक्षेपण आणि हे एकच का?
परीक्षेत नाही येत ते, म्हणते मी.
पोरं हसतात. तो बसतो.
फळ्यावरची रेघ मात्र तिथंच थांबलेली.

माझे वडील, राजमल्लू येमूल,
तेवीस वर्षं थेटराच्या माळ्यावरच्या खोलीत,
उघड्या अंगानं, खांद्यावर पंचा,
कार्बनच्या दोन कांड्यांमधला उजेड सांभाळत.
बाहेर त्रेचाळीस. आत किती, कुणी मोजलं नाही.
सिनेमा त्यांनी एकही पाहिला नाही.
पाहायचे फक्त
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वरती
क्षणभर उमटणारा ठिपका,
रीळ बदलायची खूण.
खाली हजार माणसं रडत असायची.

घरी आले तरी बोलताना नजर
आमच्या डोक्यांवरून, उजवीकडे, वरती.
अम्मा सुपातल्या विड्या बांधत म्हणायची,
इकडं बघा की, इथं ठिपका नाही.

सात रस्त्याजवळच्या समुपदेशक बाई
सहाव्या गुरुवारी म्हणाल्या:
रागीट ते नव्हते. राग तुमचा आहे,
तुम्ही तो त्यांच्यावर टाकताय.
त्यालाही इंग्रजीत तोच शब्द निघाला.
साडेसातशे रुपये मोजून
मी तो पुन्हा एकदा घरी आणला.

शेजारचे कोरबू सर भूगोल शिकवायचे.
गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची
तर कुठंतरी खोटं बोलावंच लागतं, म्हणतात.
आकार राखा, क्षेत्र फुगतं.
क्षेत्र राखा, आकार ओढला जातो.
आपलं सोलापूर वाचलं.
ध्रुवापाशी असतं तर नकाशावर
केवढं दिसलं असतं,
आणि तेवढी चादर विणली असती कुणी?

नानांचा मी आकार राखलाय की क्षेत्र,
ठरवता येत नाही.

त्यांच्या दहाव्याला कुणीतरी सांगितलं,
मिलच्या संपात राजमल्लूनं
मागच्या दारानं शंभर कामगार फुकट आत सोडले.
अम्मा म्हणाली, कोण सांगितलं तुम्हाला?
त्या दाराची किल्ली मालकाच्या कमरेला असायची.
पोथीत मागून घुसवलेल्या ओवीला
प्रक्षिप्त म्हणतात.
पण भाच्या-पुतण्यांना आता तेवढीच पाठ आहे.
परवा इरण्णालाही मी तीच सांगितली.

थेटर पाडताहेत.
पत्र्यावर फलक लागलाय: इतके गाळे,
पाच वर्षांनी रोज इतके हजार ग्राहक.
आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी.

वॉचमनला विचारून वर गेले.
हॉल गेलेला, खोली तेवढी शिल्लक.
झरोक्याला पत्र्याचं झाकण,
त्याला खिळ्याएवढं भोक.
दार ओढून घेतलं तर
मागच्या भिंतीवर रस्ता उमटला,
उलटा, मंद, हलणारा.
आकाश फरशीला टेकलेलं,
उजवा कोपरा डावीकडे गेलेला.
या भोकातून आजवर उजेड बाहेरच जायचा.

भिंतीवर एक तेलकट डाग आहे,
स्टुलावर बसून ते डोकं टेकायचे तिथं.
त्या डागावर एक रिक्षा आली,
चाकं वर करून थांबली.
पांढऱ्या सदऱ्यातला कुणी उतरला,
म्हणजे वर चढला,
आणि सुट्टे पैसे शोधत
तिथंच उभा राहिला बराच वेळ.

मॅडम, खाली या, स्लॅब कच्चा आहे,
वॉचमन ओरडत होता.