खालची पट्टी

आमचं केबल सुरू झालं सिंदेवाहीत,
लोनबलेंच्या धानगिरणीच्या गच्चीवर.
छत्री चौघांनी धरली, पाचवा दिशा सांगत होता,
आणि मी खाली, पानठेल्यातल्या टीव्हीसमोर उभा राहून
वर ओरडत होतो:
"मुंग्या! अजून मुंग्याच! थांबा थांबा,
माणूस आला गा!"

तो माणूस कोणत्या देशाचा, कळलं नाही.
हवामान सांगत होता बहुतेक.

बातम्या दोन वर्षांनी आल्या. फक्त गुरुवारी,
साडेसात ते पावणेआठ, लाइन असली तर.
मंदाताई निकुरे अंगणवाडी आटपून यायच्या.
मागे निळी चादर,
तिची मधली घडी इस्त्रीनेही कधी मोडली नाही.
पंखा बंद, कारण त्याची घरघर बातमीत यायची.
मे महिन्यात टेबलाखाली
ताईंचे पाय पाण्याच्या बादलीत,
आणि टेबलावर: "नमस्कार.
पाहूया तालुक्यातील ठळक घडामोडी."

नवरगाव रस्त्यावर वाघ दिसला.
(पुढच्या गुरुवारी खुलासा: बिबट होता.)
मंडईच्या नाटकात ऐनवेळी हिरोईन बदलली.
डावं शिंग अर्धं असलेली म्हैस हरवली.
ती तर बातम्या संपायच्या आत सापडली,
आमच्याच जिन्याखाली.

पण लोक बघायचे ती खालची पट्टी.
पिवळ्यावर काळी अक्षरं, सिनेमाच्या पायाशी सरकत जाणारी.
बोअरवेल, शिकवणी वर्ग, दुचाकी विकणे आहे,
आणि मधेच, त्याच वेगाने,
कोणी तरी गेलेलं. अंत्ययात्रा सकाळी दहाला, राहत्या घरून.
पट्टी मी लिहायचो.
अख्खा माणूस एका ओळीत बसवायचो
आणि त्याचे पैसे घ्यायचो नाही.

एकदा फोन आला, डोमाजी बोरुले गेले.
मला एकच डोमाजी बोरुले ठाऊक.
गावाचं नाव घातलं नाही, ओळ लांबत होती.

रात्री नऊला ते स्वतः आले.
सायकल गिरणीला टेकवली, चपला बाहेर काढल्या.
"बावा, घरी पावने येऊन रायले.
बुढीनं चहा तरी कितीदा मांडाव?"

सिनेमा थांबवला. ऐन मारामारीत.
त्यांना निळ्या चादरीपुढे बसवलं.
कॅमेऱ्याकडे बघा म्हटलं,
ते माझ्याकडेच बघत राहिले.

"मी डोमा बोरुले. पळसगावचा.
मी आहो.
जे आले त्याइचे उपकार. बाकीच्याइनं आता येऊ नोका."
मग बराच वेळ काही नाही. मी बटण दाबणार, तेवढ्यात:
"कोन कोन रडलं, समजलं मले."

पुढे घरोघरी डबे आले, मग हातोहाती मोबाइल.
गिरणी विकली गेली.
मंदाताई मुलीकडे नागपूरला असतात,
फोन उचलून अजून त्याच आवाजात नमस्कार म्हणतात,
मला उगाच वाटतं, आता वाघ येणार.
वायरी काढायला कोणी फिरकलं नाही.
आमच्या गल्लीतल्या वायरीवर वालाचा वेल चढलाय,
पुढच्या गल्लीत बनियनं वाळतात.

डोमाजी मागच्या पौषात वारले.
मला कळलं चार दिवसांनी, मीठ आणायला गेलो तेव्हा.
फोनमध्ये होतं म्हणे, दिव्याचं चित्र, फोटो, सगळं.
अंगठ्याने वर सरकवून टाकलं असेल मी.

पेटीतून कॅसेट काढली. कडेने बुरशी.
यंत्र दोन थापा मारल्यावर फिरलं.
मुंग्या.
मुंग्या.
मग चादरीची ती घडी, आणि ते,
माझ्याकडे बघत.

आवाज येत नव्हता.
ओठांवरून कळलं काय म्हणतात.

बंद केलं. आणि बसल्या बसल्या
बोट टेबलावर फिरत गेलं, जुन्या सवयीने:
नाव, वेळ, राहत्या घरून.
या खेपेला गाव आधी लिहिलं.