नऊ वाजेपर्यंत

उजाडायच्या आत आम्ही पन्नास मतं टाकली, खोटी,
एजंटांच्या डोळ्यांदेखत, नियमाप्रमाणे,
सगळ्यांना थोडी थोडी.
मग पुसली.
यंत्र शून्यावर आलं, ठेटे सरांनी सह्या घेतल्या,
आणि पेठ रोडवरच्या महापालिका शाळेत
दुसरी ब च्या वर्गात, बाराखडीच्या तक्त्याखाली
मी शाईच्या बाटलीचं बूच काढलं.

नोव्हेंबर. मफलरमधून आधी नाव यायचं,
बोट नंतर, नाइलाजानं.

पहिल्या आल्या त्या बायका, बारा-तेरा.
बाहेर पिकअप उभी, ड्रायव्हरचा हात हॉर्नवर,
मखमलाबादच्या पुढे द्राक्षाची विरळणी चालू आहे,
साडेसातला गाडी सुटते, मत असो नसो.
मंजुळा भोयेनं बोट पुढे केलं
तर त्यावर आधीच डाग, बागेतल्या औषधाचे.
"यातली तुमची कोणती ते कसं कळंल?" म्हणाली,
हसली,
आणि न वाळलेली शाई पदराला लागू नये म्हणून
हात वर धरून पळाली.

पिंगळे खूश. "बाया सकाळीच बाहेर पडल्या
म्हणजे वारं आपलं."
समोरच्या बाकावरून खैरनार म्हणाला,
"सकाळची गर्दी रागाची असते, दादा.
राग लवकर उठतो."
पिकअपच्या ड्रायव्हरला कुणीच विचारलं नाही.

मग अंबडहून रात्रपाळी उतरलेला वॉचमन,
"झोपायच्या आधी उरकतो."
कोथिंबिरीच्या वासाचे दोघे, थेट मार्केट यार्डातून.
आईनं ओढत आणलेला पोरगा, पहिलंच मत,
बीप वाजल्यावर म्हणाला, "एवढंच?"
आणि बटाशे मास्तर, जे दर निवडणुकीला पहिले असतात
आणि आज एकोणिसावे निघाले,
ते यंत्रावर, सरकारवर, त्या पिकअपवर रागावून
मत देऊन गेले. तो राग कुठल्या खात्यात धरायचा?

नऊ वाजता सरांनी आकडा कळवला.
एक हजार एकशे अठरापैकी चौऱ्याण्णव.
आठ पूर्णांक चार.
मोबाइलवर एक बोट, आणि मंजुळेची घाई,
वॉचमनची झोप, मास्तरांचं चुकलेलं पहिलेपण
सगळं त्या टिंबामागे जाऊन बसलं.
साडेनऊला कुणीतरी सांगेल, उत्साह.
दुसरं कुणीतरी, निरुत्साह.
आकडा तोच.

सव्वानऊला भास्कर गांगुर्डे आला, नवं मुंडण, पांढरी टोपी.
काल रामकुंडावर वडिलांचा दहावा झाला.
यादीत त्याच्या नावाच्या वर वडिलांचं नाव होतं,
नथू गांगुर्डे, वय एक्क्याण्णव,
पुढे लाल शिक्का, टपाली मत.
"घरी येऊन घेतलं तुमच्या लोकांनी," तो म्हणाला,
"खाटेभोवती पुठ्ठ्याचा आडोसा करून.
तिसऱ्या दिवशी गेले.
पण रुसले होते. शाई लावली नाही म्हणून.
म्हणत होते, हे काय मत झालं?"

मी पाहिलं, पिंगळेनं नजर खाली घातलेली.
खैरनारनं पेन्सिल कानावर ठेवली.

ते मत आता एका लिफाफ्यात आहे, लिफाफा दुसऱ्या लिफाफ्यात,
ट्रंकेला कुलूप, कुलपावर बंदूकवाला शिपाई.
माझंही बहुधा त्याच ट्रंकेत असेल,
प्रशिक्षणाच्या दिवशी रांगेत उभं राहून टाकलेलं,
आजच्या कुठल्याच टक्क्यात नसलेलं.
मोजणी सुरू होईल ती टपाली मतांपासून.
सकाळी आठला टीव्हीसमोर चहा घेऊन बसलेल्यांना
जो पहिला कल दिसेल, आघाडी, पिछाडी,
जाणकार ज्यावर मान डोलावतील,
त्यात नथू गांगुर्डे असतील,
सगळ्यांच्या आधी बोललेले.

भास्करनं डावा हात पुढे केला.
मी रेघ जरा लांब ओढली,
नियमात बसेल इतकीच.

"पंच्याण्णव," खैरनार म्हणाला,
कुणासाठी नाही, नुसताच.